नेरूळच्या रो-हाउसला बाहेरून कोणता रंग द्यावा? आई पिवळा म्हणते, भाऊ गडद करडा

निशिगंध

नमस्कार. आमचं नेरूळला सिडकोचं जुनं रो-हाउस आहे, तळमजला आणि वर एक मजला. तोंड पश्चिमेला. समोर रस्ता, रस्त्याकडेला मोठा सोनमोहर, डावीकडची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. बाहेरून शेवटचा रंग देऊन नऊ वर्षं झाली. तेव्हा बाबा होते. त्यांनी दुकानात जाऊन 'क्रीम द्या' म्हटलं आणि विषय संपला. आज तो क्रीम शोधावा लागतो. छज्ज्याखाली काळे ओघळ आहेत, उत्तरेच्या भिंतीवर शेवाळ आहे आणि गेटजवळच्या खांबाला वीतभर भेग गेलीय.

डागडुजीचं ठरलंय, रंगारी ठरलाय, पैशांची सोयही झालीय. अडलंय ते रंगापाशी. आई ७६ वर्षांची आहे, तिला पिवळा हवा. भाऊ पुण्याला असतो, त्याने गडद करड्या रंगाच्या, मधे लाकडी पट्ट्या असलेल्या घरांचे फोटो पाठवलेत. फोटोत ती घरं खरोखर देखणी दिसतात. मी शेड कार्ड आणून आईपुढे पिवळ्याची पानं उघडली, तर प्रत्येक पानाला 'हा नव्हे' म्हणत ती उठून गेली. भावाला त्यातलाच एक पिवळा पाठवला, तर तो म्हणाला, मंगल कार्यालय वाटेल.

घरात आई रोज असते, भाऊ वर्षातून चारदा येतो. पण घर दोघांचं आहे, आणि पुढची सात-आठ वर्षं मला त्याच्याकडे बघायचंय. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आपल्याकडच्या पावसात आणि खाडीच्या हवेत कोणते रंग खरंच टिकतात? आणि कार्डावरच्या दोन बोटांच्या चौकोनावरून आख्खी भिंत कशी ठरवायची? शेजाऱ्यांचं घर पीच रंगाचं आहे आणि ते इतक्यात रंग काढणार नाहीत, हेही सांगून ठेवते.

कोपरखैरणेकर

भावाला माझा अनुभव वाचायला द्या. आम्ही २०२१ साली अगदी तोच गडद करडा दिला. आमचंही तोंड पश्चिमेला. पहिले चार महिने येणारा-जाणारा थांबून बघायचा. एप्रिलमध्ये वरच्या खोलीची भिंत रात्री दहालाही हाताला गरम लागायला लागली. त्या खोलीत वडील झोपायचे, त्यांना आम्ही खाली आणलं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर बारीक भेगांमधून खार बाहेर आला. क्रीम भिंतीवर तो चटकन दिसत नाही, करड्यावर पांढऱ्या रेघा ओढल्यासारखा दिसतो. कामात खोट होती, भेगा नीट भरल्याच नव्हत्या, हे मला मान्य आहे. पण गडद रंग कामातली प्रत्येक खोट दाखवतो. तिसऱ्या वर्षी फक्त पुढची भिंत परत रंगवून घेतली. गेट आणि ग्रील मात्र अजून तोच करडा आहे, आणि तो तिथे शोभतो.

पारसिक

रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

उष्णतेचं आधी. प्रत्येक शेडला परावर्तनाचा एक आकडा असतो, त्याला एलआरव्ही म्हणतात. शुद्ध काळा शून्य, शुद्ध पांढरा शंभर. काही कंपन्या शेडच्या माहितीत तो छापतात, नसेल तर दुकानदाराला विचारा. मोतिया, बदामी असे फिके रंग साधारण ६० ते ८०च्या दरम्यान येतात, गडद करडा १० ते १५च्या आसपास. हा आकडा फक्त दिसणाऱ्या प्रकाशाचा आहे. सूर्याच्या उष्णतेतला जवळपास निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो, त्यामुळे आकड्यावरून तापमान तंतोतंत कळत नाही. पण पश्चिमेच्या भिंतीसाठी तुलना करायला तो पुरेसा आहे. मी स्वतः त्या भिंतीवर ५०च्या खाली उतरणार नाही.

आता टिकण्याचं. रंगाला रंग देणारी जी पूड असते, रंगद्रव्य, ती ढोबळमानाने दोन जातींची. एक खनिज, दुसरी सेंद्रिय म्हणजे कार्बनी रसायनांपासून बनवलेली. झगझगीत लिंबू पिवळा, राणी, जांभळा, लालभडक हे बहुतेक सेंद्रिय द्रव्यांतून येतात, आणि त्यातली बरीचशी कडक उन्हात हळूहळू मोडतात. निळ्या-हिरव्यातली थॅलो द्रव्यं सेंद्रिय असूनही चांगली टिकतात, त्यामुळे सरसकट नियम करू नका. खनिजांमध्ये लोखंडाची ऑक्साइडं सगळ्यांत भरवशाची. त्यांचा लाल, पिवळा, तपकिरी ऊन, पाऊस आणि सिमेंटमधला क्षार तिन्ही सोसतो.

ही ऑक्साइडं म्हणजे आपल्या ओळखीचीच माणसं आहेत. गेरू आणि काव म्हणजे लोखंडाचं लाल ऑक्साइड, पिवडी म्हणजे त्याचंच पाणी धरून ठेवणारं पिवळं रूप. जुन्या घरांना चुन्यात पिवडी कालवून जो रंग द्यायचे, तो फिका पडला असं फारसं दिसत नाही. भिंतीवरून चुना गळून जातो, रंग शेवटपर्यंत तसाच असतो.

करड्याबद्दल एक दुरुस्ती. करड्यातला काळा, म्हणजे कार्बन ब्लॅक, उन्हाने उडत नाही. उडतो तो त्याला धरून ठेवणारा बाइंडर. तो झिजला की वर पांढुरकी भुकटी येते, हात फिरवला तर बोटांना लागते. फिक्या भिंतीवर ती नजरेत येत नाही, गडद भिंत मात्र धुरकट दिसायला लागते.

शेणसडा

मी ठाण्याला चरईत राहते, आता सत्तरी ओलांडली आहे. मुली, तुझ्या आईचं 'हा नव्हे' मला लगेच कळलं.

आमच्या वेळी रंग वस्तूवरून ओळखायचे. डाळिंबी, आमसुली, अंजिरी, मोतिया, श्रीखंडी, अबोली, मोरपंखी. लुगड्याच्या दुकानात 'चिंतामणी दाखवा' म्हटलं की दुकानदार बरोबर तोच गठ्ठा काढायचा. कार्डावर पिवळ्याचे वीस चौकोन असतील, पण आईच्या मनातल्या पिवळ्याला त्यातलं एकही नाव नाही. तिला रंगाचं नाव विचारू नकोस. कशासारखा पिवळा, ते विचार. घरातली एखादी वस्तू हातात घेऊन दाखव म्हणावं. आणि तिने तो पहिल्यांदा कुठे पाहिला, तेही विचार.

चौकट

मी वास्तुरचनाकार आहे, बेलापूरला राहतो. वरच्या सल्ल्याला माझं पूर्ण अनुमोदन, आणि त्यात माझी थोडी भर.

आमच्याकडे आर्टिस्ट्स व्हिलेज आहे, चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी आखलेलं. बुटकी, उतरत्या छपरांची घरं, एकेका सामाईक अंगणाभोवती सात. मूळ कल्पनाच अशी होती की प्रत्येक घर स्वतंत्र उभं राहील आणि राहणारा ते आपल्या गरजेप्रमाणे वाढवेल, बदलेल, रंगवेल. आज तिथे फिरलात तर बरीच घरं पार बदललेली दिसतात. मी तिथे विद्यार्थ्यांना घेऊन जायचो आणि एकच गोष्ट बघायला सांगायचो. कोणतं घर शेजारच्या घराकडे बघून रंगवलंय, आणि कोणतं फक्त कार्डाकडे बघून. पाच मिनिटांत मुलांना कळायचं.

म्हणून रंग निवडण्याआधी, ज्या गोष्टी तुम्ही बदलणार नाही आहात त्या कागदावर लिहा. शेजाऱ्यांचा पीच. पायऱ्यांचा दगड. खिडक्यांच्या चौकटी. गच्चीवरची टाकी. समोरचं झाड. तुमचा रंग या सगळ्यांबरोबर राहणार आहे. पीच हा उबदार रंग, त्यात तांबूस-पिवळं अंग असतं. त्याला चिकटून निळसर झाक असलेला करडा आला, तर पीच आणखी गुलाबी दिसेल आणि करडा आणखी थंड. दोन्ही घरांचं नुकसान.

सोनमोहराचंही गणित आहे. दाट झाडासमोरच्या भिंतीवर पानांवरून परतलेला प्रकाश पडतो आणि तिला हिरवट झाक येते. पांढऱ्या आणि करड्या भिंतीवर ती जास्त जाणवते. उन्हाळ्यात झाड फुलांनी पिवळं होतं तेव्हा परत वेगळं.

कार्डावरून भिंत कशी ठरवायची, हे विचारलंत. कार्डावरून ठरवूच नका. बाहेरच्या उन्हात, मोठ्या भिंतीवर, तोच रंग कार्डापेक्षा उजळ आणि जास्त भडक दिसतो. मला कार्डावर जो आवडतो, त्याच्यापेक्षा थोडा मातकट, किंचित मळलेला वाटणारा घेतो, तेव्हा भिंतीवर तो हवा तसा उतरतो. सिमेंट शीटचे दोन बाय तीन फुटांचे तुकडे घ्या. प्रायमर लावून प्रत्येकावर एक रंग, पूर्ण दोन हात. भिंतीवर थेट पट्टे मारू नका, कारण एकमेकांना लागून असलेले पट्टे एकमेकांचा रंग बदलतात आणि जुना क्रीम सगळ्यांच्या मधे लुडबुडतो. शीट उचलून पश्चिमेला ठेवा, उत्तरेला ठेवा, शेजाऱ्यांच्या भिंतीला टेकवा. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बघा, कारण घराचा रंग तिथूनच दिसतो. आठवडाभर हे केलंत तर वाद निम्म्यावर येईल.

आणि सामाईक भिंतीपाशी रंग कुठे तोडायचा, हा नाजूक प्रश्न. रंग बदलायचा तो आतल्या कोनात. बाहेरच्या कडेवर बदलला की कागद चिकटवल्यासारखा दिसतो. तुमचा दर्शनी भाग शेजाऱ्यांच्या भागाशी सपाट जुळत असेल, तर तिथे गिलाव्यात अर्ध्या इंचाची उभी खाच करून घ्या. दोन्ही रंग खाचेत संपतील.

खाडीकाठ

मी चेंदणी कोळीवाड्यातला. वरचं सगळं बरोबर असेल, तरी भडक रंगांची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

आमच्याकडे घरं निळी आहेत, पोपटी आहेत, गुलाबी आहेत. उन्हाने उडतात हे आम्हाला ठाऊक आहे. घरात लग्न ठरलं की घराला रंग लागतो, मग सहा वर्षं झालेली असोत की दोन. नारळी पौर्णिमेच्या आधी होडीला रंग लागतो, तसंच ते. रंग ताजा असणं म्हणजे घरात काही शुभ घडलंय, हे सगळ्या आळीला कळतं. माझ्या आजीने निळा सोडून दुसरा रंग घराला लावू दिला नाही. चिंचोळ्या गल्लीत, जिथे ऊन तासभरच येतं, तिथे तो निळा दिवा लावल्यासारखा दिसतो. सगळ्यांनी बदामी लावलं असतं तर आमचा वाडा मला ओळखू आला नसता.

तेव्हा टिकाऊपणा बघा, पण तेवढाच बघू नका. आई ७६ची आहे, तिला रोज दारात बसून काय बघायचंय, ते मोठं आहे.

गोखले रोडवाला

नौपाड्यात रंगाचं दुकान तीस वर्षं चालवलं, आता मुलगा बघतो. गिऱ्हाइकाला काउंटरवर जे सांगायला वेळ मिळत नाही ते इथे सांगतो.

हल्ली शेड मशीनवर बनते. डब्यात आधी बेस असतो, त्यात मशीन रंगाचे थेंब सोडतं. फिक्या शेडचा बेस पांढरा, त्यात झाकणारी पांढरी पूड भरपूर. गडद आणि भडक शेडचा बेस जवळजवळ पारदर्शक, त्यात ती पूड अगदी कमी. म्हणून भडक पिवळ्याला आणि लालला दोन हातांत भागत नाही, खालचा जुना रंग डोकावतो, तिसरा हात लागतो. रंगाऱ्याने दोन हातांचा हिशेब दिला असेल तर इथे भांडण होतं. आधी विचारून घ्या.

बाहेरचा चांगला ॲक्रिलिक इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण ५० ते ६० चौरस फूट जातो. गिलावा खडबडीत असेल तर कमी. भिंतीचं माप काढून सगळा माल एकाच वेळी, एकाच बॅचचा घ्या आणि मोठ्या पिंपात सगळे डबे एकत्र ढवळून वापरा. वेगवेगळ्या दिवशी बनवलेल्या डब्यांत डोळ्याला जाणवण्याएवढा फरक पडू शकतो, आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो. अर्धा लिटर राखून ठेवा, झाकणावर शेडचा नंबर आणि तारीख लिहा. पुढे ड्रिल मारून एखादं भोक बुजवायची वेळ येते तेव्हा तो डबा सोन्यासारखा वाटतो.

रंगाआधीचं काम हे खरं काम. शेवाळावर रंग मारला तर ते खालून परत येतं. ब्लीचचं पाणी लावायचं, मरू द्यायचं, काथ्याच्या किंवा तारेच्या ब्रशने घासायचं, स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. हातमोजे घाला, झाडाच्या बुंध्याशी ते पाणी जाऊ देऊ नका. नवा गिलावा केलात तर २८ दिवस पाणी मारून आणि वाळवून मगच रंग, ओल्या सिमेंटचा क्षार रंग जाळतो. घरातली पुट्टी बाहेर वापरू देऊ नका, पावसाने तिचे पापुद्रे सुटतात. खांबाची भेग उभी असेल आणि आतून गंजाचा डाग दिसत असेल, तर सळी फुगली आहे. तिथे रंगारी नको, इंजिनिअरला बोलवा.

भिंत वाळली की नाही हे घरी बघता येतं. दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने भिंतीला पक्का चिकटवा, रात्रभर ठेवा. सकाळी आतून पाण्याचे थेंब किंवा भिंतीवर ओलसर काळपट डाग दिसला तर थांबा. आपल्याकडे दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, भिंत तो पिऊन बसलेली असते. ऑक्टोबर कोरडा दिसला तरी मी दिवाळीआधीची घाई करू देत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

ग्रीलला जुना ऑइल पेंट असेल तर तो सुका खरवडू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम २०१७पासून लागू झाला, त्याआधीच्या थरांत जास्त असू शकतं. ओलं करून घासा आणि धूळ लहान मुलांपासून लांब ठेवा.

घोडबंदरकर

सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने थोडं. आमच्या सात मजली इमारतीच्या रंगावर तीन सर्वसाधारण सभा झाल्या. पहिल्या दोन सभांत आम्ही संगणकावर बनवलेली चित्रं दाखवली आणि दोन्ही वेळा फक्त भांडणं झाली. तिसऱ्या वेळी मागच्या डक्टच्या भिंतीवर तीन शेड्स प्रत्यक्ष मारून घेतल्या आणि पंधरा दिवस तसंच ठेवलं. मग मतदान घेतलं, दहा मिनिटांत संपलं.

आमच्यासमोर मेट्रो चारचं काम चाललं आहे, धूळ प्रचंड. पांढरा घेतला असता तर वर्षभरात मळला असता. मधल्या उजेडाचा, थोडा मातकट रंग घेतला. त्यावर धूळ बसते, पण डोळ्यात येत नाही. खडबडीत टेक्श्चर मात्र टाळलं. त्याच्या खाचांत धूळ बसते, पावसात त्याच धुळीवर शेवाळ धरतं.

आणि जुन्या इमारतींतल्या वाचकांसाठी: ३० वर्षांवरच्या इमारतीला रंगाची परांची बांधण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. नवा रंग लागला की भेगा दिसेनाशा होतात आणि सभेत दुरुस्तीचा ठराव पास होत नाही. हे आम्ही भोगलंय.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री शेणसडा आजींनी सांगितलं तसं आईला विचारलं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी म्हटलं, कशासारखा पिवळा? ती स्वयंपाकघरात गेली आणि भिजवलेल्या तुरीच्या डाळीचं पातेलं घेऊन आली. वाटीत थोडी काढून खिडकीत धरली आणि म्हणाली, हा. मग सांगायला लागली. तिचं माहेर पेणजवळचं. गणपतीच्या आधी एखादी उघडीप मिळाली की तिचे काका ओटीच्या भिंतीला चुन्यात पिवडी कालवून रंग द्यायचे. मुलींना बादली ढवळायचं काम. खालच्या हातभर पट्ट्याला गेरू, कारण पागोळ्यांचं पाणी अंगणात पडून चिखल तिथपर्यंत उडायचा. हे तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

मी भावाला व्हिडिओ कॉल केला आणि वाटी दाखवली. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, हा तर मातकट आहे, मला वाटलं आई लिंबू पिवळा म्हणतेय. दोन महिने आम्ही एका शब्दावर भांडत होतो.

मग त्याला मी विचारलं, तुला करडा का हवा? तर त्याचं उत्तर असं की गेटपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंतची भिंत कायम चिखलाने डागाळलेली असते, बाबा दर वर्षी ती घासायचे, ते त्याला आठवतं. त्याला डाग लपवणारा रंग हवा होता. म्हणजे आईच्या काकांचा गेरूचा पट्टाच की.

पारसिक सर, पिवडी म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड हे मी आईला वाचून दाखवलं. तिला ते फार आवडलं.

आता सिमेंट शीट आणल्यात. तीन पिवळे करून बघतेय, तिन्ही कार्डावर मळकट दिसणारे.

चौकट

फार छान. पट्ट्याचा रंग ठरवताना शेजाऱ्यांचा पीच विसरू नका. तांबूस विटकरी घेतलात तर पीचशी नातं जुळेल, निळसर करडा घेतलात तर तुटेल. भावाचा करडा गेटला आणि ग्रीलला द्या, तिथे तो उष्णताही धरणार नाही आणि झाडाच्या सावलीत चांगला दिसेल.

रंगारी आहेच, तर अजून दोन कामं करून घ्या. गच्चीच्या कठड्याच्या माथ्याला आतल्या बाजूला उतार द्या, म्हणजे वरची धूळ पावसाच्या पाण्याबरोबर दर्शनी भिंतीवर न येता गच्चीत जाईल. आणि छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, एक खाच काढा. पाणी तिथे तुटून खाली पडतं, भिंतीपर्यंत सरकत नाही. तुमचे काळे ओघळ बहुतेक या दोन उणिवांमुळे आहेत. त्या तशाच ठेवून कितीही महाग रंग दिला तरी ते परत येतील.

गोखले रोडवाला

चौकट यांचं म्हणणं सोळा आणे खरं. माझ्याकडे ओघळांची तक्रार घेऊन आलेल्या दहांतल्या आठ घरांना रंग नव्हे, खाच हवी असायची. पण खाचेला माल लागत नाही, म्हणून तिच्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही.

निशिगंध

डिसेंबर अखेरची खबर. काम पूर्ण झालं.

आठवडाभर शीट फिरवल्या. कार्डावर मला सगळ्यांत जास्त आवडलेला पिवळा संध्याकाळी सहाच्या उन्हात शेंदरी दिसला, तो बाद. दुसरा झाडाच्या सावलीत हिरवट व्हायचा. तिसऱ्याला आईने तिन्ही वेळा मान डोलावली. दुकानदाराने त्याचा एलआरव्ही ५८ सांगितला. खाली अडीच फुटांचा विटकरी पट्टा, खिडक्यांभोवती मोतिया, गेट आणि ग्रील करडे. शेजारच्या काकूंना शीट नेऊन दाखवली होती. त्यांनी ती आपल्या भिंतीला लावून पाहिली आणि खाच दोन्ही घरांच्या खर्चात करू म्हणाल्या, हे मी मागितलंही नव्हतं.

खांबाच्या भेगेसाठी इंजिनिअरना बोलावलं. सळी गंजलेली निघाली. तो भाग फोडून दुरुस्त करण्यात तीन आठवडे आणि ठरल्यापेक्षा बरेच जास्त पैसे गेले. पण या धाग्यावर कुणी सांगितलं नसतं तर आम्ही त्यावर पिवळा रंग मारून मोकळे झालो असतो.

भाऊ नाताळात आला. रस्त्यापलीकडे उभा राहून बराच वेळ बघत होता. मग आत येऊन आईला म्हणाला, तुझ्या काकांचं घर दाखवायला ने एकदा. पुढच्या महिन्यात जातोय.

खाडीकाठ

वाचून बरं वाटलं. तिथल्या भिंतीवर जुना रंग शिल्लक असेल तर एक खपली घेऊन या.

निशिगंध

हा धागा वर काढतेय, कारण पहिला पावसाळा पार पडला आणि हिशेब द्यायला हवा.

पेणच्या घराचा चुना गळून गेलाय, पण ओटीच्या कोपऱ्यात, कडीपाटाखाली, वीतभर जागेवर पिवडी अजून आहे. आमची शीट बरोबर नेली होती. तंतोतंत जुळली नाही, आमचा पिवळा किंचित उजळ आहे. आई म्हणाली, काकांच्या दरवर्षीच्या दोन बादल्याही कधी जुळल्या नाहीत.

पश्चिमेची भिंत स्वच्छ. छज्ज्याखाली ओघळ नाहीत, एकही नाही. विटकरी पट्ट्यावर चिखल उडाला होता, पाइपने धुतला, गेला. वरच्या खोलीचं म्हणाल तर मे महिना नेहमीसारखाच कडक गेला, रंगाने तो थंड झाला असं मी म्हणणार नाही, पण पूर्वीपेक्षा वाईट नक्कीच नव्हता.

एक अडचण आहे. उत्तरेच्या भिंतीवर, एसीच्या पाण्याची नळी जिथे भिंतीलगत सोडली आहे, तिथे दोन फूट लांब हिरवा पट्टा उगवलाय. बाकी भिंत ठीक. आता लगेच धुऊन वर हात मारू का?

पारसिक

हात मारू नका, आधी नळी हलवा. ती भिंतीपासून सुटी करून पावसाच्या पाण्याच्या पाइपात सोडा. उत्तरेच्या भिंतीला आपल्याकडे फार कमी ऊन मिळतं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, पण जून उजाडला की तो ढगांआड. त्यात नळीचं पाणी बारा महिने ठिबकत असेल तर कोणतीही बुरशीरोधक मात्रा पुरी पडणार नाही. नळी हलवल्यावर महिनाभर भिंत वाळू द्या, मग ब्लीच.

गोखले रोडवाला

आणि मग राखून ठेवलेल्या अर्ध्या लिटरच्या डब्यातला रंग. दोन फुटांच्या पट्ट्यावर ठिगळ मारू नका, जवळच्या कोपऱ्यापासून पाइपापर्यंतचा पूर्ण उभा भाग एकदम घ्या, नाहीतर पॅच उठून दिसेल. डबा उघडल्यावर वर साय धरली असेल तर ती काढून कापडाने गाळून घ्या. वास आंबूस आला तर मात्र वापरू नका, झाकणावरचा नंबर दाखवून नवा बनवून घ्या.

निशिगंध

डबा आत्ताच उघडून पाहिला. साय आहे, वास चांगला आहे. नळीसाठी प्लंबर उद्या सकाळी येतोय.